आभासी जगात पहिलं घर बांधताय? आधी टेप काढा

मामीने दार उघडलं आणि माझ्या हातातला टेप बघून तिचा चेहराच पडला. "काय गं, बिल्डर आलाय का?" जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत कुणी भिंती मोजायला लागलं की लोकांच्या मनात दुसरं काही येतच नाही. म्हटलं, "मामी, वाडा पाडायचा नाहीये, कॉम्प्युटरमध्ये बांधायचाय." तिने चहा टाकला, पण विश्वास काही बसला नाही.

टेपपासून सुरुवात करायचं कारण आहे. नवखा माणूस आभासी जगात शिरतो, जागा दिसली की थेट भिंती ओढायला लागतो. मी पहिली तीन घरं अशीच बांधली. एकाचा हॉल मंगल कार्यालयाएवढा झाला, त्याच घरातलं स्वयंपाकघर एसटीडी बूथएवढं. पडद्यावर मापाचा अंदाज येत नाही, हे मान्य करून टाकलेलं बरं. म्हणून पहिलं घर मनातलं बांधू नका, पायाखालचं बांधा. ज्या घरात अंधारातही तुमचा हात दिव्याच्या बटणावर बरोबर पडतो, ते घर. कॉलेज रोडचा फ्लॅट असो, सिडकोतली रो हाऊस असो की मामाचा वाडा, काही बिघडत नाही.

कुठे बांधायचं

मी हे सगळं सेकंड लाइफच्या हिशेबाने सांगतेय. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने हे जग 2003 मध्ये लोकांसाठी उघडलं. त्यात जिंकायचं-हरायचं काही नाही. तिथली घरं, झाडं, कपडे बहुतेक सगळं तिथे राहणाऱ्या लोकांनीच बनवलंय. साधं खातं फुकट मिळतं आणि बांधकाम शिकायला जमीन विकत घ्यावी लागत नाही. सँडबॉक्स नावाच्या मोकळ्या सार्वजनिक जागा असतात, तिथे कुणीही काहीही उभारावं. अट एकच, ठरावीक तासांनी तिथलं सगळं सामान आपोआप मालकाच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे त्याच्या सामानाच्या पेटीत, परत जातं.

घरातलं इंटरनेट रडतखडत चालत असेल तर ओपनसिम्युलेटर बघा. 2007 पासूनची ही मुक्त प्रणाली तुमच्या स्वतःच्या मशीनवर चालते, व्ह्यूअर, म्हणजे हे जग पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम, तोच वापरता येतो आणि भिंतींना लावायची चित्रं चढवायला पैसे पडत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर त्यांना माइनक्राफ्टमध्येच बांधू द्या. तिथला एक ठोकळा एक मीटरचा, त्यामुळे खालचा खणांचा हिशेब, खण पूर्ण मीटरचा धरून, त्यांनाही लागू पडेल.

माप आणि खण

सेकंड लाइफमध्ये सगळं मीटरमध्ये. आपल्याकडे अजून फुटातच बोलतात, म्हणून फुटाला 0.3048 ने गुणायची सवय लावून घ्या. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण 3 बाय 3.65 मीटर. पण तेवढीच बांधलीत तर तिच्यात वावरता येणार नाही. का, ते समजून घ्या, कारण इथेच निम्म्या घरांची माती होते.

आभासी घरात तुम्ही डोळ्यांनी बघत नसता. बघतो तो कॅमेरा, आणि तो तुमच्या अवताराच्या, म्हणजे तिथल्या तुमच्या बाहुल्याच्या, पाठीमागे दोन-तीन मीटरवर, डोक्याच्या थोडा वर तरंगत असतो. खोली लहान असली की तो भिंतीला अडतो, आणि पडद्यावर स्वतःच्या मानेशिवाय काही दिसत नाही. छत आपल्या फ्लॅटसारखं दहा फुटांवर ठेवलं तरी तेच. शिवाय तिथले लोक स्वतःला उंचपुरे करून घेतात, सव्वादोन मीटरचे पुरुष सर्रास भेटतात. म्हणून घर टेपने मोजा आणि सगळी मापं दीडपट करा. छत साडेचार मीटरवर, दार तीन मीटर उंच आणि निदान दीड मीटर रुंद.

मामाच्या वाड्यात माजघराचं दार इतकं बुटकं आहे की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. मी कौतुकाने ते तसंच बांधलं. अवतार आपणहून वाकत नाही. चौकटीला धडकून तो जागच्या जागी पावलं टाकत राहिला आणि मी घराबाहेरच.

आता खण. जुन्या वाड्यांत दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. आमच्याकडे तो पाच-साडेपाच फुटांचा निघाला. जुने लोक घराचं मोठेपणही खणांतच सांगायचे. सुतार-गवंड्यांची ही रीत आभासी बांधकामाला इतकी चपखल बसते की मला नवल वाटलं. दीडपट करून मी खण अडीच मीटरचा धरला. आता प्रत्येक माप अडीचच्या पटीत. भिंत पाच किंवा दहा मीटरची, खांब दर अडीच मीटरवर. 3.47 सारखे आकडे बाद. तुकड्याला तुकडा न कुरकुरता बसतो आणि पुढेमागे खोली वाढवायची झाली तर फक्त एक खण पुढे सरकायचं.

पहिल्या घराला चार खण रुंदी आणि पाच खण खोली पुरे, म्हणजे 10 बाय 12.5 मीटर. पुढे एक खण ओसरी, मग दोन खणांचं माजघर, मागच्या दोन खणांत शेजारी शेजारी स्वयंपाकघर आणि एक खोली. चौकाचा वाडा पहिल्याच फटक्यात बांधायला जाऊ नका. चारही बाजूंनी आत उतरणारं छप्पर जुळवताना भले भले रडतात.

प्रिमचा हिशेब

इथली वीट म्हणजे प्रिम. ठोकळा, नळकांडं, गोल, त्रिकोणी असे तयार आकार असतात. एका बाजूला कमीत कमी एक सेंटिमीटर, जास्तीत जास्त 64 मीटर. नवीन प्रिम जमिनीवर टाकला की प्लायवुड नेसूनच येतो. वस्तू जमिनीवर जो भार टाकते त्याला लँड इम्पॅक्ट म्हणतात, आणि प्रत्येक जमिनीला तो किती पेलेल याची मर्यादा असते. पुढे 512 चौरस मीटरचा तुकडा घेतलात तर साधारण 175, 1024 चौरस मीटरचा घेतलात तर 351. खाट, तुळशीवृंदावन, चहाचा कप, सगळं त्यातच बसवायचं.

आपल्या घराचा हिशेब मी कागदावर मांडला तो असा. जोतं एक, पायऱ्या दोन. ओसरीला चार खण म्हणजे खांब पाच, त्यावर तुळई एक. दर्शनी भिंतीत मधोमध दार आणि दोन्हीकडे खिडक्या, तिचे तुकडे सात. बाजूच्या दोन भिंती, एकेक खिडकी धरून, आठ. मागची भिंत एक. माजघर आणि मागच्या खोल्यांमधली दोन दारांची भिंत चार, स्वयंपाकघराचा आडोसा एक. खिडक्यांच्या चौकटी चार आणि गज चार, दारं तीन. छपराचे दोन उतार, दोन बाजूंचे त्रिकोण. एकूण 45. खांब सहा असतील की पाच, यावर मी स्वतःशीच बराच वेळ भांडले होते. चार खणांना खांब पाचच लागतात, कुंपणाच्या गणितातली ही चूक शाळेपासून आपली पाठ सोडत नाही.

जोतं

आता व्ह्यूअर उघडा, सँडबॉक्समध्ये जा, कंट्रोल आणि बी दाबा. बांधकामाची खिडकी उघडेल. ठोकळा निवडून जमिनीवर क्लिक करा. आला ठोकळा? आता माउसने ओढाताण करत बसू नका. ऑब्जेक्ट टॅबमध्ये आकडे लिहायच्या चौकटी असतात, तिथे सरळ टाइप करा: एक्स 10, वाय 12.5, झेड 0.9. झालं जोतं. एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम, वाय म्हणजे उत्तर-दक्षिण, झेड उंची. बाणांचे रंग लाल, हिरवा, निळा, याच क्रमाने. सूर्यही तिथे पूर्वेलाच उगवतो, तेव्हा कुणाला वास्तूचं मनावर घ्यायचंच असेल तर देवघर ईशान्येला बसवायला काही अडचण नाही.

जोतं तीन फूट उंच कशाला, असं माझ्या भाच्याने विचारलं. तो नदीपासून लांब, पाथर्डी फाट्याकडे वाढलाय. आम्ही नदीकाठचे लोक. गोदेला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की छातीला, यावर गावाची झोप ठरते. त्यामुळे जोतं उंचच पाहिजे. आभासी जगात पूर येत नाही, पण पाणी आहे: समुद्राची पातळी 20 मीटरवर असते. जमीन किनाऱ्याकडची असेल तर झेडचा आकडा त्याच्या वर आहे ना, हे बघून घ्या. आणि जमीन क्वचितच सपाट असते. जोतं जाड असलं की एका बाजूने थोडं मातीत गाडता येतं आणि घर वर सपाट उभं राहतं. त्याचा वरचा पृष्ठभाग हीच फरशी, वेगळी घालून प्रिम वाया घालवू नका.

भिंती

भिंतीला हवं तिथे भोक पाडता येत नाही. हे पहिल्या दिवशी सगळ्यांना खटकतं. दार हवं असेल तर डावा तुकडा, उजवा तुकडा आणि वरचा तुकडा अशी भिंत तीन प्रिमांत बांधायची. खिडकीला एक खालचाही. म्हणजे खऱ्या गवंड्यासारखंच, भोकाभोवती भिंत चढवायची. दर्शनी भिंतीत मी एक काटकसर केली. दारं-खिडक्यांच्या वरून जाणारा पट्टा दहा मीटरचा एकच ठेवला आणि खाली तुकडे.

जाडी अर्धा मीटर ठेवा. पुठ्ठ्यासारख्या पातळ भिंतीचं घर लांबून बरं दिसतं, पण दारात उभं राहिलं की खोटं वाटतं. वाड्याच्या भिंतीत कोनाडा का शोभतो? भिंतीला पोट असतं म्हणून.

आता एक त्रास हमखास होणार, तो आधीच सांगते. कोपऱ्यात दोन भिंती जोडल्या की तिथला रंग लुकलुकायला लागतो, जणू भिंतीला ट्यूबलाइटची सवय लागलीय. दोन प्रिमचे पृष्ठभाग नेमके एकाच जागी आले की कुठला पुढे दाखवायचा हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही, आणि तो एकदा हा दाखवतो, एकदा तो. उपाय सोपा. एक भिंत कोपऱ्यापर्यंत पूर्ण न्या आणि दुसरी तिच्या आतल्या अंगाला येऊन थांबवा. एकमेकींत घुसवू नका. तरीही लुकलुकलं तर एकीला एक सेंटिमीटर मागे सारा. तो सेंटिमीटर कुणाला दिसत नाही.

एक खांब झाला की बाकीचे नव्याने करू नका. खांब निवडा, शिफ्ट दाबून बाण ओढा, दुसरा तयार. मग त्याच्या जागेच्या आकड्यात अडीच मिळवा. खण धरून चालल्याचा फायदा इथे कळतो.

दार, आणि माझं घर कसं फिरलं

साध्या ठोकळ्याचं दार केलं तर ते आपल्या मध्यावर फिरतं, मॉलच्या गोल दारासारखं. बिजागरी कडेला हवी. त्यासाठीची युक्ती जुनी आहे. दाराचा ठोकळा हवा त्याच्या दुप्पट रुंद करा आणि पाथ कट या चौकटीत सुरुवात 0.375, शेवट 0.875 असे आकडे टाका. अर्धा ठोकळा नाहीसा होतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी मध्य तिथेच राहतो, म्हणजे आता दाराच्या कडेला. झाली बिजागरी.

फिरवायचं काम स्क्रिप्ट, म्हणजे वस्तूत घातलेला छोटा प्रोग्राम, करते. दाराच्या तयार स्क्रिप्ट फुकट मिळतात, पहिल्या घराला त्याच वापरा. कुतूहल म्हणून एकदा स्वतः नवीन स्क्रिप्ट उघडून बघा. काही न लिहितासुद्धा ती "हॅलो, अवतार!" म्हणते. आपलाच शब्द इतका लांब जाऊन आपल्याला हाक मारतोय, मला गंमत वाटली होती.

मग जोडणी. सगळे तुकडे निवडून कंट्रोल आणि एल दाबलं की घर एकसंध होतं. एका जोडणीत 256 पर्यंत प्रिम बसतात. यात जो तुकडा सगळ्यात शेवटी निवडला जातो तो मुख्य ठरतो, त्याच्याभोवती पिवळी रेघ दिसते, बाकीच्यांभोवती निळी. मला हे माहीत नव्हतं. मी एकेक करत सगळं निवडलं आणि शेवटी दार. मोठ्या ऐटीत ओसरीवर चढले आणि दाराला हात लावला. दार चौकटीत तसंच राहिलं आणि घर फिरलं. अख्खं घर, जोत्यासकट, नव्वद अंश. मी ओसरीवरून थेट शेजाऱ्याच्या अर्धवट विमानात. मुख्य तुकडा फिरला की त्याला जोडलेलं सगळं फिरतं, एवढं साधं कारण. तेव्हापासून जोतं सगळ्यात शेवटी निवडते, आणि तुम्हीही तेच करा. दाराची स्क्रिप्ट घेतानाही ती जोडलेल्या घरात चालणारी आहे ना, हे वाचून घ्या. काही स्क्रिप्ट सुट्या दारापुरत्याच असतात.

जोडणी लवकर करायचं आणखी एक कारण. पहिलं घर मी रात्री दीड वाजेपर्यंत बांधलं आणि सुट्या तुकड्यांत सोडून झोपले. सकाळी सँडबॉक्स रिकामा. सगळं इन्व्हेंटरीतल्या हरवलं-सापडलंच्या फोल्डरमध्ये, "ऑब्जेक्ट" या एकाच नावाने ओळीने पडलेलं. कुठला खांब आणि कुठली चौकट, काही पत्ता नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याला नाव द्या, दर तासाला जोडा, आणि टेक कॉपीने एक प्रत इन्व्हेंटरीत ठेवा. माझ्याकडे "वाडा 1" ते "वाडा 14" आहेत.

छप्पर

उतरतं छप्पर म्हणजे तिरपे केलेले दोन ठोकळे. घराची खोली 12.5, निम्मी 6.25. उतार 30 अंशांचा घेतला तर आढं भिंतीच्या वर साधारण 3.6 मीटर चढतं आणि एका उताराची लांबी 7.2 मीटर भरते. त्यात पागोळ्यांसाठी अर्धा-पाऊण मीटर वाढवा. पाऊस नसला म्हणून काय झालं, वळचण नसलेलं घर टोपी विसरल्यासारखं दिसतं. बाजूचे त्रिकोण प्रिझम या आकाराचे, एकेका प्रिममध्ये होतात. सपाट गच्ची हवी असेल तर एक ठोकळा आणि सुट्टी.

दगड, लाकूड, उजेड

प्लायवुड झाकायची वेळ आता, आधी नाही. जोत्याला मला काळा पाषाण हवा होता, काळाराम मंदिराच्या अंगाला आहे तसला. उन्हात फोटो काढलात तर त्यातली सावली दगडात कायमची बसते आणि भिंतीवर रात्रीही दुपार दिसते. ढगाळ दिवशी, समोरून काढा. फोटो चौकोनी कापून 512 किंवा 1024 पिक्सेलचा करा. चढवायला साधारण दहा लिंडन डॉलर (तिथलं चलन) पडतात, म्हणजे दोन-चार रुपयांचं काम, पण दहादा चुकलात की चहा-पोह्यांचे पैसे जातात. पृष्ठभागावर लावायच्या अशा चित्राला टेक्स्चर म्हणतात, आणि व्ह्यूअरमध्ये लोकल टेक्स्चरची सोय आहे. चित्र फक्त तुम्हालाच दिसतं आणि पैसे पडत नाहीत. जुळवाजुळव तिथे करा, पसंत पडलं की चढवा.

भिंत तुकड्यांची असल्यामुळे दगडाचे थर एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना तुटतात. टेक्स्चर टॅबमध्ये मॅपिंग प्लॅनर करा आणि शेजारचे पृष्ठभाग जुळवायची खूण लावा, थर सलग होतात.

तिथला दिवस चार तासांचा: तीन तास उजेड, एक तास रात्र. घर दोन्ही वेळा बघा. दिव्यांचा उजेड भिंतीतून आरपार जातो, त्यामुळे देवघरातली समई शेजारच्या खोलीलाही उजळते. उजेडाचा पल्ला कमी ठेवा.

प्रिम वाचवायची एक युक्ती राहिली. जोडलेल्या घराचा फिजिक्स प्रकार, म्हणजे अवतार कशावर आपटतो तो हिशेब, कॉन्व्हेक्स हल केला की साध्या ठोकळ्यांचा हिशेब जवळजवळ निम्म्यावर येतो. पण पोकळ किंवा कापलेला प्रिम त्यात भरीव धरला जातो. पोकळ चौकटीतून आरपार दिसत असूनही तुम्ही आपटाल. भिंती तुकड्यांच्या बांधल्या असतील तर भीती नाही.

घर झालं तेव्हा मी लॅपटॉप घेऊन मामीकडे गेले. अवताराला ओसरीवरून माजघरात नेलं, कोनाडे दाखवले, स्वयंपाकघर फिरवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं केलंस गं, पण मोरी कुठंय?"

आभासी जगात कुणी आंघोळ करत नाही, भांडीही घासत नाही, हे तिला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन बुटके कट्टे आणि एक कडाप्पा बसवला. आता एकूण 48.